चौकटीबाहेरचा हात

तुळिंजच्या विलास शिर्सेकरांच्या थोरल्या मुलीला, अश्लेषाला, ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. पण इमारतीतली माणसं तिची ओळख करून देताना आधी हे सांगत नाहीत. आधी सांगतात, मुलगी हुशार आहे, पण फार संशयी. भाजीवालीने टोमॅटो पिशवीत टाकले की ही खालचे वर करून बघते. रस्त्यात दोन माणसं हिच्याकडे बघून बोलली की थोडं पुढे जाऊन मागे वळते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे हसले, तर बहिणीचा दंड धरून का हसले ते विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत दंड सोडत नाही.

हा संशय तिला कुठे जडला, ते तिच्या आईला, आशालताबाईंना, पक्कं ठाऊक आहे. त्या विषयावर त्या आजही बोलत नाहीत. अश्लेषा सहा वर्षांची असताना त्यांनी तिला नवा फ्रॉक घातला, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि एसटीत बसवलं. कुठे चाललो ते सांगायला घरात तेव्हा भाषाच नव्हती. जेवण, पाणी, झोप, रागावणं, एवढ्याच खुणा. आशालताबाईंनी हवेत हात गोल फिरवून पाळणा दाखवला, म्हणून पोरीला वाटलं जत्रेला चाललो. उतरले ते देशावरच्या एका गावी, कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेच्या फाटकाशी. एक बाई तिला झोपाळा दाखवायला आत घेऊन गेल्या. झोपाळ्यावरून तिने वळून पाहिलं तेव्हा फाटक लागलेलं होतं आणि पलीकडे कोणी नव्हतं.

त्याच शाळेने तिला हातांची भाषा दिली, मैत्रिणी दिल्या, लिहायला-वाचायला शिकवलं. हे ती मानते. पण त्यानंतर कोणी गोड हसून काही दाखवायला लागलं, की तिची नजर आधी त्याच्या पाठीमागे काय चाललंय तिकडे जायची, ती सवय राहिली ती राहिलीच.

आता ती एकोणतीस वर्षांची आहे आणि वसई पूर्वेच्या एका पेनांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. धाकटी ज्ञानदा तिच्या खुणा बघत बघतच मोठी झाली, म्हणून घरात आणि बाहेर दुभाषी तीच. ज्ञानदाचा बहिणीवर जीव आहे, पण तिला एक वाईट खोड आहे. चार माणसं बराच वेळ बोलतात आणि ज्ञानदा ते दोन खुणांत उरकते. जास्त विचारलं तर म्हणते, "नंतर सांगते." ते नंतर काही येत नाही.

तीन वर्षांपूर्वी अश्लेषाला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बहिराच, नोकरी चांगली, घर स्वतःचं. त्यांच्याकडे चहाला गेले असताना शेजारणीच्या कडेवरचं एक पोर त्या मुलाकडे झेपावलं आणि पोराचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. पप्पा, मामा, बाबा. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. घरी आल्यावर सगळे म्हणाले, पोर मामा म्हणालं, आम्ही स्वतः ऐकलं. अश्लेषा हटून बसली की पोर कोणाचं ते शोधून काढा. शोधलं तेव्हा निघालं ते त्याचंच, पहिल्या लग्नाचं. पोराला मामा म्हणायला शिकवलं होतं. तेव्हापासून घरात तिच्या संशयाला हसणं बंद झालं.

संग्राम तिच्या आयुष्यात आला तो फोनमधून. बहिऱ्या माणसांच्या एका व्हॉट्सॲप गटावर दोघांची ओळख झाली, गेल्या वर्षी गणपतीनंतर. तो कोल्हापूरचा, जन्मापासून बहिरा, एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळणारा. आधी नुसते मेसेज, मग संध्याकाळी ती कामावरून आली की व्हिडिओ कॉल. दिवाळीपर्यंत दोघांचं इतकं जमलं की त्याच्या वडिलांनी विलासरावांना फोन केला. मग दोन्ही घरांत वडीलधाऱ्यांची बोलणी सुरू झाली. मे महिन्यात कोल्हापूरची मंडळी यायची ठरली.

बोलणं जमलं होतं, पण अश्लेषाला माणूस नीट दिसत नव्हता. तिचा फोन जुना झाला होता, काच तडकलेली. पडद्यावर संग्राम म्हणजे तपकिरी ठिपक्यांचा एक ढीग, आणि त्यातून वर येणारा एक उजवा हात. डाव्या हातात तो फोन धरायचा. फोन हातात धरून एका हाताने बोलणं ही बहिऱ्यांत नवलाची गोष्ट नाही, घाईत सगळेच तसं करतात. पण ते अर्धं बोलणं असतं. शिवाय त्यांच्या भाषेत प्रश्न हाताने विचारतात तेवढाच भुवईनेही विचारतात. भुवई वर गेली की "येणार?" आणि सरळ राहिली की "येणार." संग्रामच्या भुवया त्या ठिपक्यांत कुठे होत्या, देव जाणे. तो मे महिन्यात येणार आहे की येऊ का म्हणून विचारतोय, हेही एकदा तिला दोनदा विचारावं लागलं.

ती विचार करत राहिली. हा माणूस धूसर आहे, का माझा फोन धूसर आहे? लपवणाऱ्याला असला फोन फार सोयीचा. त्याच्या घरची मंडळी येण्याआधी याचा सोक्षमोक्ष लागायला हवा. म्हणून तिने नवा फोन घ्यायचं ठरवलं, आणि तो कसा हवा हेही मनाशी पक्कं केलं. गाणी ऐकायची नाहीत, आवाजाशी काही देणंघेणं नाही. पुढचा कॅमेरा रुंद हवा, दोन्ही कोपरं मावतील असा. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात बोटं वेगळी दिसायला हवीत. थरथर इतकी जोरदार हवी की उशीखाली ठेवला तर जाग यावी.

पहिल्या दिवशी ज्ञानदाबरोबर ती तुळिंज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात गेली. सेल्समनने पहिल्या मिनिटात ओळखलं की ऐकू येतं ते धाकटीला, आणि नंतर त्याने अश्लेषाकडे पाहिलंच नाही. तो बोलत होता, ज्ञानदा मान डोलवत होती. अश्लेषाने दंड धरला तेव्हा ज्ञानदाने सांगितलं, "हा चांगला आहे म्हणतो, कॅमेरा मस्त." एवढंच. त्याचे ओठ मात्र त्याहून पुष्कळ हलले होते. तो मस्त कॅमेरा पाठीमागचा होता, लग्नाचे आणि फिरायला गेल्याचे फोटो काढायचा. अश्लेषाने बहिणीकडे नीट बघितलं. हा फोन तुला हवाय का मला, असं तिने विचारलं. ज्ञानदा रुसली, पण नाही म्हणाली नाही.

मग अश्लेषाने तो फोन काउंटरवर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, समोरचा कॅमेरा चालू केला आणि दोन्ही हातांनी बोलून बघण्यासाठी मागे सरकली. फोनला चोरीच्या भीतीने तार बांधलेली होती. तार ताणली, फोन आडवा पडला. तिने तार सोडायची खूण केली. सेल्समनने नाही म्हणून मान हलवली, आणि दाराशी उभे असलेले दोघे जरा जवळ आले.

"ते मला चोर समजतायत," अश्लेषा हातांनी म्हणाली.

"नाही गं, असेच उभे आहेत," ज्ञानदा म्हणाली.

ते असेच उभे नव्हते, हे दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दुकानात तार नव्हती, माणूसही बरा होता. पण दुकानभर पांढरेशुभ्र दिवे लागलेले. त्या उजेडात कुठल्याही फोनमध्ये सगळंच छान दिसत होतं. अश्लेषाने छताकडे बघितलं, मग फोनकडे, मग पुन्हा छताकडे, आणि बाहेर पडली. कपड्याच्या दुकानातला रंग घरी आल्यावर बदलतो, तशातला हा प्रकार. तिला वाटलं, सगळ्या दुकानदारांनी मिळून हे ठरवलंय.

कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर ॲनिशा बसते, गिरीजची. डबा खाता खाता तिने अश्लेषाकडून बऱ्यापैकी खुणा उचलल्या आहेत. तिच्या मावसभावाचं, गॉडफ्रेचं, वसई गावात मोबाइलचं छोटंसं दुकान आहे. तिकडे चल म्हणून ती मागे लागली. अश्लेषाने आधी विचारून घेतलं की गिऱ्हाईक आणलं की भाऊ तुला काय देतो. ॲनिशा हसली, म्हणाली, नाताळात केक देतो, तोही वहिनीने ढकललं तर.

गॉडफ्रे पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा. त्या मिशांमुळे त्याचे ओठ वाचता येईनात. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने आपला फोन काढून त्यावर मराठीत टाइप करायला सुरुवात केली आणि मजकूर ॲनिशाला न दाखवता सरळ अश्लेषाला दाखवला. तिने काय हवं ते टाइप केलं. वाचून तो मागच्या खोलीत गेला, खोक्यांचा पसारा बाजूला सारला, एकच जुनी ट्यूब ठेवून बाकीचे दिवे घालवले आणि फळीवर तीन फोन ओळीने उभे केले. तारबीर काही नाही. स्वतः तो बाहेर काउंटरवर जाऊन बसला.

अश्लेषा फळीसमोर उभी राहिली आणि तिन्ही फोनांशी बोलली. स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, शेजारणीची थोडी निंदा केली. मग चित्रण लावून बघितलं. पहिल्या फोनमध्ये ती इतकी गोरी आणि गुळगुळीत दिसत होती की क्षणभर तिला बरं वाटलं. मग ध्यानात आलं, कपाळावरच्या आठ्याही त्याने पुसून टाकल्या होत्या. आठी गेली तर रागही गेला आणि प्रश्नही गेला. नटव्या फोनचा काय उपयोग. दुसऱ्यात चेहरा ठीक होता, पण हात जरा जोरात हलवला की बोटांचा लगदा व्हायचा. तिसरा जाडजूड, काळपट, हातात विटेसारखा. त्यात ती होती तशीच दिसली, थोडी दमलेली, आणि प्रत्येक बोट वेगळं.

तिने तिसऱ्याचं खोकं मागितलं आणि त्यावरची तारीख बघितली. गेल्या वर्षीचा माल. तिने तारखेवर बोट ठेवून गॉडफ्रेकडे पाहिलं. त्याने टाइप केलं, "हो. जुना आहे. दिसायला बरा नाही म्हणून कोणी घेत नाही. त्याचे अपडेटही लवकर बंद होतील, ते सांगून ठेवतो."

खोटं बोलणाऱ्या दुकानदाराशी कसं वागायचं ते तिला माहीत होतं. आपणहून खरं सांगणाऱ्याचा तिला जास्तच संशय आला. ती काही न घेता निघाली. नंतर विरारच्या आणि नालासोपाऱ्याच्या आणखी दुकानांतून हाच फोन आहे का, असला तर ते काय सांगतात, हे विचारत हिंडली. कुठेच तो नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी वसई गावात परत जाऊन तिने तो घेतला, आणि गॉडफ्रेने खोकं आतून आणलं तेव्हा त्याच्या मागे मागे जाऊन, ते कुठून काढतो तेही बघितलं.

त्या संध्याकाळी तिने फोन स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्याला टेकवला, मागे सरून बसली आणि संग्रामला कॉल लावला. तो बघतच राहिला. तिची टिकली दिसते, म्हणाला, मागच्या कॅलेंडरवरचा गणपती दिसतो, तू चिडलीस की नाक फुगतं तेही आज कळलं. खूश होता.

आणि अश्लेषाच्या पडद्यावर तोच तपकिरी ठिपक्यांचा ढीग.

तिने काच पुसली. उजेड वाढवला. मग ती हळूहळू समजली. इतके दिवस ती कॅमेरे तपासत हिंडली, पण आपला कॅमेरा आपल्याला काही दाखवत नाही, तो आपण कसे दिसतो ते समोरच्याला दाखवतो. तिने एवढी दुकानं पालथी घालून संग्रामसाठी डोळे घेतले होते. तिला जो बघायचा होता, तो त्याच्याच फोनच्या मर्जीवर होता.

पण इतक्या फोनांसमोर उभं राहून तिला एक गोष्ट कळून चुकली होती. कितीही भिकार फोन असला तरी तो कशाला तरी टेकवून हातभर मागे बसलं, की दोन्ही हात दिसतात. धूसर दिसतील, पण दिसतील. मग हा माणूस फोन टेकवत का नाही? तिने त्याला सांगितलं, फोन ठेव कुठेतरी, दोन्ही हातांनी बोल. तो म्हणाला, इथे जागा नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, टेबल मोडलंय. तिसऱ्या वेळी विषयच बदलला.

आता संशयाला धार आली. डावा हात म्हणजे अंगठीचा हात. याच्या बोटात साखरपुड्याची अंगठी असेल, नाहीतर लग्नाची. मागच्या स्थळाचं ते पोर तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने पाठवलेले फोटो तिने पुन्हा काढून बघितले. एकात डावा हात खिशात, एकात पाठीमागे, एकात मित्राच्या खांद्यामागे गेलेला.

मग तिने त्याला पारखायला घेतलं. बहिरी माणसं नावं सांगताना इंग्रजी अक्षरं बोटांनी जुळवतात. त्यातले पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांवर असतात: ए अंगठ्यावर, ई त्याच्या शेजारच्या बोटावर, आय मधल्या बोटावर, ओ अनामिकेवर आणि यू करंगळीवर. उजव्या हाताने त्या त्या बोटाच्या टोकाला शिवायचं. डाव्या हाताशिवाय नाव जुळवता येत नाही. अश्लेषाने विचारलं, तुझ्या वर्कशॉपचं नाव काय, जुळवून दाखव. त्याने ते टाइप करून पाठवलं. आईचं माहेर कुठलं? टाइप केलं. शाळेतल्या मास्तरांचं नाव? पुन्हा टाइप.

तेव्हा तिने सरळ विचारलं. "डावा हात दाखव."

पडद्यावरचा ढीग स्थिर झाला. मग कॉल तुटला.

त्यानंतर त्याचा मेसेज नाही, कॉल नाही. अश्लेषाने आईला सांगितलं, कोल्हापूरकरांना येऊ नका म्हणून कळवा, मुलाचं आधीच लग्न झालेलं आहे. आशालताबाईंनी हातातलं काम टाकलं. त्यांनी मुलीला समजवायला सुरुवात केली, आणि ती समजूत अश्लेषाला चमत्कारिक वाटली. तसं काही नाही, त्या ठामपणे म्हणत होत्या. इतक्या ठामपणे कशावरून? आई न बघितलेल्या मुलाची हमी घेत होती. बाबा गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होते, पाठ फिरवून, म्हणजे ओठ दिसू नयेत. ज्ञानदा मध्येच उठून आत गेली.

चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी संग्रामचा कॉल आला. पहिल्यांदाच त्याचा फोन कुठेतरी टेकवलेला होता. तो मागे बसला होता, खिडकीशी, मावळतीच्या उजेडात, आणि दोन्ही हात मांडीवर होते. त्याने डावा हात वर केला. अंगठी नव्हती. अंगठीचं बोटच नव्हतं, आणि शेजारची करंगळीही नव्हती.

आधीच्या वर्कशॉपात तो प्रेस मशीनवर होता, त्याने सांगितलं. बोटं त्यात गेली. म्हणून नव्या ठिकाणी स्टोअर घेतलं. उलट्या हातांनी, म्हणजे उजव्या हाताच्या बोटांवर, अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला, पण ते तोतरं बोलल्यासारखं वाटतं, मित्र हसतात. म्हणून फोनवर तो हात टाळायचा. मग त्याने विचारलं, "पण तू दाखव का म्हणालीस? किती गेलंय ते मोजायचं होतं? त्यासाठी नवा फोन घेतलास?"

"मला माहीतच नव्हतं," अश्लेषा म्हणाली.

त्याच्या भुवया वर गेल्या. उजेड चांगला होता, त्या दिसल्या.

"माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना पहिल्याच फोनवर सांगितलंय. दिवाळीत. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू चांगली आहेस म्हणून विषय काढत नाहीस."

दोन बहिऱ्या माणसांच्या डोक्यावरून ऐकणारी माणसं बोलली होती, आणि बोलून गप्प बसली होती. तिने त्याला तेव्हा एवढंच सांगितलं, की वर्कशॉपचं नाव अजून जुळवून दाखवलेलं नाहीस. तो ओशाळला. पण त्याने जुळवलं. त्या नावात दोनदा ओ येत होता. तिथे पोचल्यावर त्याचं उजवं बोट जरा थबकलं, आणि मग जिथे अनामिकेचं टोक असायला हवं, त्या रिकाम्या जागेला जाऊन शिवलं. तिला तो ओ स्वच्छ वाचता आला.

फोन ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. तिघेही होते. तिने ज्ञानदाला समोर बसवलं आणि सांगितलं, आज मी बोलेन ते सगळं सांगायचं आणि ते बोलतील तेही सगळं, एक शब्द न गाळता. विलासराव म्हणाले, तू ऐकून आधीच नाही म्हणाली असतीस, म्हणून ठरवलं की तुमचं मन जुळलं की सांगू. आशालताबाई म्हणाल्या, तुझ्या भल्यासाठीच. ज्ञानदा शेवटी स्वतःचं बोलली, "मी पण ओळखून होते, ताई. नंतर सांगणार होते."

अश्लेषा ओरडली नाही. तिने आईकडे बघून हवेत हात गोल फिरवला, जत्रेतला पाळणा. दुभाष्याची गरज लागली नाही. आशालताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

बरेच दिवस घरात धुसफूस राहिली. अश्लेषा कामावर जायची, यायची, संग्रामशी बोलायची आणि घरच्यांशी लागेल तेवढंच. त्याच सुमाराला ती गॉडफ्रेकडे पुन्हा गेली आणि तसाच विटेसारखा फोन दुसरा मागितला. त्याच्याकडे एकच उरला होता. तो तिने कोल्हापूरला पाठवला. संग्रामने कळवलं की मला नको, माझा चालतो. तिने कळवलं, हा तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, फक्त तुझ्याकडे राहील. पहिल्या कॉलला तिने त्याला हनुवटी वर करायला लावली, मान डावी-उजवीकडे वळवायला लावली, आणि त्याच्या कानामागे एक जुनी खोक आहे तिचाही हिशेब विचारला. झाडावरून पडल्याची निघाली.

मे महिन्यात कोल्हापूरची मंडळी आली. ज्ञानदाने त्या दिवशी सगळं सांगितलं, अगदी संग्रामच्या आत्याने पोह्यांत मीठ कमी आहे म्हटलं तेसुद्धा. सगळ्यांना वाटलं, आज होकार होईल. अश्लेषाने तो दिला नाही. तिने सांगितलं, मला अजून बघायचंय. कोणी जबरदस्ती केली नाही; करायला तोंड उरलं नव्हतं. मग संग्राम एकटाच येत राहिला, कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, ओळखीच्या एका मित्राकडे विरारला उतरून. दरम्यान त्याने इकडच्या कारखान्यांतून नोकरीची विचारपूस सुरू केली. ते त्याने तिला सांगितलं नव्हतं. त्यांच्या कारखान्यातही त्याने विचारलं होतं, म्हणून तिला ते ॲनिशाकडून कळलं, आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दिवाळीनंतर तो आला तेव्हा दोघं भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसली होती. ओहोटी होती, वाळू लांबवर उघडी पडली होती. फोन पिशवीत होते, दोघांचेही सगळे हात मोकळे होते. ती त्याला म्हणाली, नोकरीचं लपवलंस तसं आणखी काय लपवलंयस ते आत्ताच सांगून टाक.

संग्रामने खूप विचार केला.

"आई म्हणते मी घोरतो," तो म्हणाला. "फार जोरात. घरात कोणाला झोपू देत नाही म्हणे. मला माहीत नाही, आणि तुलाही कधी कळणार नाही."

अश्लेषा इतकी हसली की पलीकडे वाळूत बसलेल्या बायकांनी वळून बघितलं. मग ती गंभीर झाली.

"कळेल," ती म्हणाली. "छातीवर हात ठेवून तपासीन."

हा होकार आहे, हे संग्रामच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. लग्न मार्गशीर्षात झालं, विरारला.